फॅमिली थेरपीचे 8 महिने (सांगली), आमचा अनुभव

मुलाचं पोट दुखायचं. रोज सकाळी व्हॅन यायच्या वेळेला, रविवारी कधीच नाही. वय 10. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं नॉर्मल, शेवटी मुलांच्या डॉक्टरांनीच काउन्सेलरकडे जा म्हणून सांगितलं. आधी एका ठिकाणी गेलो तर दहा मिनिटांत "लाडावलाय, मोबाईल काढून घ्या" एवढंच ऐकून परत आलो, पोरगा रिक्षात एक शब्द बोलला नाही.

मग विश्रामबागच्या या मॅडम. फोनवरच म्हणाल्या, त्याला एकट्याला आणू नका, घरात राहता तेवढे सगळे या. सासूबाई "मला काय वेड लागलंय का" म्हणत होत्या पण आल्या. मोठ्या कागदावर तीन पिढ्या काढायला लावल्या, पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, जिथं भांडण तिथं नागमोडी रेघ, जेनोग्राम म्हणतात त्याला. पोरानं पेन घेतलं, माझ्या आणि ह्यांच्या मधे नागमोडी रेघ मारली आणि तिच्यावरच स्वतःचा चौकोन काढला. मला तिथंच रडू आलं.

2019 च्या पुरात ह्यांच्या दुकानातला माल गेला, कर्ज झालं, तेव्हापासून आम्ही दोघं त्याच्यामार्फतच बोलत होतो. "पप्पांना म्हणावं गॅस बुक करा", "मम्मीला सांग उशीर होईल". मॅडमनी सांगितलं, दोघांतला ताण तिसऱ्यावर टाकला की तो त्रिकोण होतो, मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं हे मांडलंय. त्याचं पोट दुखलं की आम्ही भांडण सोडून त्याच्याकडे पळायचो, आणि तो नाटक करत नव्हता बरं का, दुखायचं खरंच.

पहिला नियम, मुलाकडून निरोप बंद. दुसरा आम्हा दोघांसाठी, भांडण तापलं की किमान 20 मिनिटं बाजूला व्हायचं कारण छातीतली धडधड उतरायला तेवढा वेळ लागतो, पण परत कधी बोलणार ते सांगून उठायचं, नुसतं निघून जायचं नाही. आमचे हे काही न सांगता दुकानात निघून जायचे, माझा खरा राग तोच होता हे मला तिथं बोलताना कळलं.

मुलाचे सेशन वेगळे, बाहुल्या, वाळूचा ट्रे. आत काय बोलला ते मॅडम सांगत नाहीत, जिवाला धोका असेल तरच सांगणार हे पहिल्या दिवशीच स्पष्ट केलेलं. मला सुरुवातीला ते अजिबात पटलं नव्हतं, आई आहे मी. आता वाटतं म्हणूनच तो तिथं मोकळा बोलला.

आधी दर आठवड्याला, आता महिन्यातून एकदा जातो. शाळा बुडणं जवळपास थांबलंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुखतं अजून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 40 फुटांकडे जायला लागली की घरात पूर्वी सगळे गप्प व्हायचे, यंदा ह्यांनी माल वर कधी हलवायचा ते मला समोर बसून विचारलं.

फी आमच्या पॉलिसीत बसत नाही, खिशातून जाते. शनिवारची वेळ पटकन मिळत नाही. आणि जिना चढायला लागतो, आजी-आजोबा असतील तर आधी फोन करून खालची खोली मागून घ्या, देतात.