इनो सेटअप: आधीच्या प्रोग्रॅमचे फोल्डर शोधणाऱ्या इन्स्टॉलरचा आठ महिन्यांचा अनुभव

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील छापखाने व डीटीपी केंद्रे यांच्यासाठी आम्ही लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचाचे एक छोटे एक्स्टेन्शन (जोड-आज्ञावली) तयार केले आहे. श्रीलिपी किंवा नुडी यांच्या जुन्या टंकांत टाइप केलेला मराठी आणि कन्नड मजकूर ते युनिकोडमध्ये बदलते. सीमाभागातल्या दुकानात मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज आणि दोन्ही भाषांतले फलक एकाच संगणकावर तयार होतात, शिवाय जुन्या फाइली वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उघडल्या जातात, त्यामुळे या साधनाची गरज रोजची आहे. ते दुकानदारांच्या संगणकांवर बसवण्यासाठी गेले आठ महिने मी इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनाची सहावी आवृत्ती वापरत आहे. त्याच्या एकाच कामाबद्दल येथे लिहितो: आधीपासून बसवलेला प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरात आहे, हे इन्स्टॉलरने स्वतः शोधणे.

आमच्यासाठी सारे काही या शोधावर अवलंबून आहे. सर्व वापरकर्त्यांसाठी एक्स्टेन्शन जोडायचे तर लिबरऑफिसच्या 'प्रोग्रॅम' फोल्डरातील युनोपीकेजी ही छोटी आज्ञावली चालवावी लागते, आणि ती चालवायची तर तिचा पूर्ण पत्ता हवा. तो सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅम फाइल्समध्येच असेल असे गृहीत धरता येत नाही. आमच्या भागात संगणक दुरुस्त करणारी मंडळी सी ड्राइव्ह भरू नये म्हणून मोठे प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर टाकतात, काही ठिकाणी जुन्या ३२-बिट विंडोज ७ वर अजून काम चालते, आणि बारा दुकानांत बारा रचना सापडतात.

जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इनो सेटअपची मूळ मांडणी अगदी साधी आहे. एका मजकूर फाइलीत विभागवार सूचना लिहायच्या, आणि सूचनांनी भागत नाही तिथे पास्कल भाषेत फंक्शने लिहायची. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज प्रोग्रॅमची माहिती 'किल्ल्यां'खाली ठेवते त्या साठ्यातली, एखादी नोंद वाचून तोच पत्ता मूळ फोल्डर म्हणून वापरायचा असेल, तर त्यासाठी 'रेग' हा तयार स्थिरांक आहे. नोंद सापडली नाही तर कोणता पत्ता घ्यायचा, हेही त्याच ओळीत उभ्या रेघेपुढे लिहिता येते. लिबरऑफिस आपला पत्ता स्थानिक यंत्राच्या विभागात, सॉफ्टवेअर, लिबरऑफिस, युनो, इन्स्टॉलपाथ अशा क्रमाने जाणाऱ्या किल्लीच्या मूळ मूल्यात ठेवते. मिळणारा पत्ता 'प्रोग्रॅम' या उपफोल्डरापर्यंतचा असतो, म्हणून मुख्य फोल्डर हवे असेल तर एक पायरी वर यावे लागते. पहिल्या दिवशी ही एक ओळ लिहून मी काम झाले असे समजलो होतो.

पहिली अडचण ६४-बिट विंडोजवर आली. माझा इन्स्टॉलर ३२-बिट प्रक्रिया म्हणून चालत होता, आणि अशा प्रक्रियेला विंडोज रजिस्ट्रीची वेगळी, ३२-बिट बाजू दाखवते. रजिस्ट्री संपादक उघडून पाहिले की ती बाजू 'वॉव-६४३२-नोड' या नावाखाली दिसते. ६४-बिट लिबरऑफिसची नोंद तिथे नसतेच, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी नोंद इन्स्टॉलरला मात्र सापडत नव्हती. इनो सेटअपमध्ये मूळ किल्लीच्या नावापुढे ६४ किंवा ३२ लावून कोणती बाजू वाचायची ते स्पष्ट सांगता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. फक्त ३२-बिट विंडोजवर ६४ ची बाजू मागितली की चूक उद्भवते आणि इन्स्टॉलर थांबतो, म्हणून विंडोज ६४-बिट आहे का, हे आधी 'इजविन६४' या फंक्शनाने विचारून मगच पुढे जावे. आता माझे फंक्शन प्रथम ६४-बिट बाजू पाहते, तिथे काही मिळाले नाही तर ३२-बिट बाजूकडे वळते.

चालू वापरकर्त्याच्या विभागात शोधण्याचा मोह मात्र टाळावा. इन्स्टॉलर प्रशासकाच्या अधिकाराने चालतो, आणि दुकानातला ऑपरेटर साध्या खात्यावर बसून मालकाचा पासवर्ड टाकून तो सुरू करत असेल, तर 'चालू वापरकर्ता' म्हणून मालकाचे खाते वाचले जाते.

काहींचा सल्ला असा असतो की कंट्रोल पॅनेलच्या अनइन्स्टॉल यादीमागच्या नोंदीतून पत्ता घ्यावा. मी तोही मार्ग करून पाहिला. एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर-पद्धतीने बसणाऱ्या प्रोग्रॅमची तिथली किल्ली एका लांबलचक ओळखक्रमांकाची असते आणि मोठ्या आवृत्तीबरोबर तो क्रमांक बदलतो, म्हणून सगळ्या उपकिल्ल्या एकेक करून वाचाव्या लागतात व प्रदर्शनाचे नाव जुळवावे लागते. एवढे करून 'इन्स्टॉललोकेशन' हे मूल्य बऱ्याचदा रिकामेच निघते, कारण प्रोग्रॅमच्या निर्मात्याने ते मुद्दाम भरले नसेल तर विंडोज ते आपणहून भरत नाही. 'ॲप पाथ्स' ही रजिस्ट्रीतली दुसरी जागा अधिक उपयोगी आहे. तिथे थेट एक्झिक्युटेबल फाइलीचा पत्ता असतो, पण तो कधी अवतरणचिन्हांत असतो, कधी नसतो. चिन्हे काढून टाकणारे 'रिमूव्हकोट्स' हे फंक्शन इनो सेटअपमध्ये तयार आहे, ते विसरू नये.

आता ज्या प्रसंगाने माझी सारी रचना बदलली, तो सविस्तर सांगतो. सुरुवातीला मी सापडलेले लिबरऑफिसचे फोल्डर हेच आमच्या इन्स्टॉलरचेही फोल्डर ठरवले होते, कारण एक्स्टेन्शनबरोबर काही नमुना फाइली तिथेच ठेवायच्या होत्या. तीन महिने सुरळीत गेले. मग खानापूरच्या एका केंद्रातून आमच्या सुधारित आवृत्तीनंतर फोन आला: "दादा, इन्स्टॉल झालं म्हणतंय, पण मेनूत काहीच दिसत नाही." प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा कळले की त्यांनी मधल्या काळात ३२-बिट लिबरऑफिस काढून ६४-बिट बसवले होते. शोधणारे फंक्शन नवा पत्ता बरोबर सांगत होते, पण तो वापरलाच जात नव्हता. इनो सेटअप प्रत्येक ॲपआयडीसाठी (इन्स्टॉलरमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळखखुणेसाठी) मागच्या वेळचे फोल्डर लक्षात ठेवतो, आणि 'यूजप्रीव्हियसॲपडिर' ही सूचना मुळातच 'हो' अशी असल्याने तो पुढच्या वेळी तेच फोल्डर घेतो. परिणामी जुन्या जागी लिबरऑफिसच्या नावाचे फोल्डर पुन्हा तयार झाले, आमच्या फाइली त्यात पडल्या, आणि युनोपीकेजी तिथे नसल्याने एक्स्टेन्शन जोडले गेले नाही. युनोपीकेजी चालली की नाही, हे तपासण्याची ओळ मी लिहिली नव्हती, म्हणून शेवटच्या पानावर यशाचा संदेश तसाच आला.

ती सूचना 'नाही' केली की हा दोष जातो, आणि तेवढ्यावर थांबता आले असते. पण त्या दिवशी परतताना दुसरी गोष्ट अधिक बोचत होती: आमचा अनइन्स्टॉलर दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात बसला होता. अनइन्स्टॉलच्या विभागात 'ॲप फोल्डरातील सर्व काही पुसा' अशी एखादी ओळ पुढे कोणी भर घालताना लिहिली असती, तर आमचे एक्स्टेन्शन काढताना दुकानदाराचे लिबरऑफिसही गेले असते. म्हणून आता आमच्या फाइली आमच्या स्वतंत्र फोल्डरात जातात. लिबरऑफिसचा पत्ता मी एका वेगळ्या चलात ठेवतो आणि तो दर वेळी नव्याने शोधतो. दुसऱ्याचे घर शोधायचे ते निरोप देण्यासाठी, तिथे बिऱ्हाड करण्यासाठी नव्हे, आणि ही रचना मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

रजिस्ट्रीत पत्ता मिळाला म्हणजे प्रोग्रॅम मिळाला असेही मी आता मानत नाही. अर्धवट काढलेल्या प्रोग्रॅमची नोंद मागे राहते आणि फोल्डर मात्र गेलेले असते. याउलट, एका संगणकावरचे अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हने दुसऱ्यावर नेऊन चालवलेली प्रत मी निपाणीत दोन ठिकाणी पाहिली. ती उत्तम चालते, पण रजिस्ट्रीत तिचा मागमूस नसतो. त्यामुळे प्रत्येक उमेदवार पत्त्यावर 'फाइलएक्झिस्ट्स' ने युनोपीकेजीची फाइल खरोखर आहे का, हे पाहिल्याशिवाय मी तो स्वीकारत नाही. कोणताच पत्ता टिकला नाही तर 'क्रिएटइनपुटडिरपेज' ने बनवलेले पान उघडते, तिथे वापरकर्ता फोल्डर स्वतः निवडतो, आणि 'पुढे' दाबताच त्याच्या निवडीचीही तीच तपासणी होते.

पत्ता हाती आल्यावर युनोपीकेजी 'शेअर्ड' या पर्यायाने चालवताना लिबरऑफिस पूर्ण बंद असणे आवश्यक आहे. 'एक्झेक' फंक्शनला तसे सांगितले की ते ती आज्ञावली संपेपर्यंत थांबते व तिचा निकाल-क्रमांक परत देते. तो शून्य नसेल तर आता आम्ही यशाचा संदेश दाखवत नाही.

भाषेच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. सहावी आवृत्ती पूर्णपणे युनिकोड असल्याने विंडोजचे वापरकर्तानाव कन्नडमध्ये असले तरी पत्ता प्रश्नचिन्हांत बदलत नाही, आणि हा फायदा आमच्या भागात फार मोठा आहे. मात्र मी घेतलेल्या संचाबरोबर आलेल्या भाषांत मराठीही नव्हती आणि कन्नडही नव्हती. दोन्हींच्या संदेश फाइली आम्ही स्वतः तयार केल्या. त्यात सुमारे दोन आठवडे गेले, पण फोल्डर निवडण्याच्या पानावरची सूचना ऑपरेटरला आपल्या भाषेत वाचता येऊ लागल्यापासून त्या पानाबद्दलचे फोन जवळजवळ थांबले.

याआधी मी विनॲम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम काढणाऱ्या नलसॉफ्टकडून सुरू झालेले एनएसआयएस हे इन्स्टॉलर बनवण्याचे दुसरे साधन वापरत होतो. रजिस्ट्रीतल्या मूल्याच्या शेवटी एक्झिक्युटेबल फाइलीचे नाव असेल तर ते आपोआप वगळून फोल्डर घेण्याची त्याची सूचना सुबक आहे. परंतु ती सूचना सुरुवातीच्या फंक्शनाच्याही आधी अमलात येत असल्याने ६४-बिट बाजूकडे वळवता येत नाही, आणि मग सारे हाताने वाचावे लागते. सहा महिन्यांनी स्वतःचीच फाइल उघडल्यावर पास्कलमधले फंक्शन मला लगेच समजते, म्हणून मी इनो सेटअपवरच राहणार आहे.

जे नव्याने सुरुवात करत आहेत त्यांनी 'सेटअपलॉगिंग' ही सूचना पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी आणि आपल्या शोध-फंक्शनात पाहिलेला प्रत्येक पत्ता, तो का नाकारला या कारणासह, नोंदवावा. गेल्या महिन्यात भालकीहून आलेली अडचण मी अशीच सोडवली: ऑपरेटरने टेंप फोल्डरातली नोंद-फाइल मोबाइलवर पाठवली, तीत ई ड्राइव्हवरचा पत्ता 'फाइल नाही' या शेऱ्यासह दिसला, आणि तो ड्राइव्ह म्हणजे त्या दिवशी घरी राहिलेली बाहेरची हार्डडिस्क होती.