शाब्दिक उदाहरणांचा क्लास: सातवीतल्या मुलाच्या आईचा अनुभव

माझा मुलगा बेरीज-गुणाकारात पक्का. पण तेच गणित चार ओळींच्या गोष्टीत घातलं की पेन्सिल चावत बसायचा. म्हणून मालवणजवळच्या आमच्या वाडीतल्या एका बाईंच्या क्लासला त्याला घातला. क्लास म्हणजे त्यांच्या घराची पडवी. आठवड्याला तीन संध्याकाळी, महिन्याला ६०० रुपये. वर्षभराचा अनुभव लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं आणि रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, गणित घातलं. रापणीत सापडलेला बांगडा ९,६०० रुपयांना गेला. बर्फ आणि टेम्पोभाडं मिळून खर्च १,६००. ओढायला १० माणसं, प्रत्येकाचा एक वाटा, आणि जाळ्यांचे ६ वाटे. तर एका माणसाच्या हाती किती? आमच्या चिरंजीवांनी सरळ ९,६०० ला १६ ने भागून ६०० रुपये उत्तर काढलं. बाई म्हणाल्या, "अरे, बर्फाचे पैसे कोण भरतलो? तुझो बापूस?" सगळी पोरं हसली. उत्तर ५००. त्या दिवसापासून तो उदाहरण वाचताना आधी खर्चाच्या आकड्याखाली रेघ मारतो. गुणोत्तराची व्याख्या त्याला आजही धड सांगता येत नाही, पण वाटे पाडायला चुकत नाही. मला एवढं पुरे आहे.

मजुरीची उदाहरणंही त्या अशीच घालतात. मी काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते, तिथे मजुरी किलोवर. एकदा गणित आलं: ६ बायकांना माल सोलायला १० दिवस लागतात, तर १५ बायकांना किती? मुलाने लिहिलं २५ दिवस. बाईंनी विचारलं, "बायका वाढल्यार काम बेगीन होतला की उशिरा?" मग कुठे व्यस्त प्रमाण त्याच्या डोक्यात शिरलं आणि उत्तर ४ आलं. (आमच्या कारखान्यात बायका वाढल्या की गप्पाही वाढतात, तेव्हा २५ अगदीच चूक नाही. हे मी त्याला सांगितलं नाही.)

सगळ्यात आवडला तो भरतीचा आलेख. आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. बाईंनी आडव्या अक्षावर तिथी, उभ्या अक्षावर वाजलेले तास असं मांडायला लावलं. सरळ रेघ आली. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं, म्हणून तिथे रेघ तुटून खाली येते, हेही मुलांनीच शोधलं. माझे सासरे ओटीवरून ऐकत होते. म्हणाले, "ह्या आता गणितात शिकवतत?" मग नातू आणि आजोबा अष्टमीला संध्याकाळी वेळ बघायला किनाऱ्यावर गेले. थोडं मागेपुढे झालं, पण जमलं.

आता तक्रार. एवढा सुंदर आलेख करून घेतला आणि बाकीचे आलेख मात्र परीक्षेच्या आधी दोन दिवसांत उरकले. जोडस्तंभालेखाची झेरॉक्स इतकी फिकट, की कुठला स्तंभ कुठल्या वर्षाचा ते कळेना. त्यात एका कागदावर उभा अक्ष शून्याऐवजी ३० पासून सुरू होता. दोन स्तंभ, एक ४० चा, एक ५० चा. दिसायला दुसरा पहिल्याच्या दुप्पट. मुलाने "मासळी दुप्पट झाली" असं लिहिलं आणि त्यावर बरोबरची खूणही आली! मी वही घेऊन गेले तेव्हा बाईंनी लगेच मान्य केलं, पुढच्या तासाला सगळ्यांना अक्षाची सुरुवात बघायला शिकवलं. पण मी गेले नसते तर? दुसरं म्हणजे पडवीत २२ मुलं बसतात. मागच्या बाकाला पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मुलाला पुढे बसवा.

शिष्यवृत्तीसाठी ढीगभर प्रश्नपत्रिका सोडवून हव्या असतील तर हा क्लास नाही, बाई एका उदाहरणावर अर्धा तास घालवतात. मी मात्र मुलाला आठवीलाही इथेच ठेवणार आहे.

नवी बॅच जूनमध्ये बसते, नेमकी १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, हात सगळ्यांचेच आखडलेले असताना. आमची तेव्हाची फी बाईंनी नारळी पौर्णिमेनंतर घेतली, तुम्हीही विचारून बघा.