बंद झालेल्या पोलीस दलांचे बिल्ले: बिल्ल्यांना पूर्ण मार्क, पॅचला नाही

जे प्रदेश नकाशावरूनच गेले त्यांच्या पोलिसांचे बिल्ले, पॅच (गणवेशावर शिवायची कापडी चिन्हं), बटणं एवढंच विकणारा एक ऑनलाइन विक्रेता आहे, माल पोस्टाने पाठवतो, मी त्याच्याकडून बऱ्याच वस्तू घेतल्यात म्हणून लिहितोय.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक बिल्ल्याच्या मागच्या बाजूचा मोठा, स्वच्छ फोटो. पुढून नक्कल इतकी छान करतात की फरक कळत नाही, पण मागे बघितलं की लगेच लक्षात येतं, ठशावर दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या कडा धारदार असतात आणि ओतीव नकलेला बारीक भोकं पडलेली असतात, बिल्ला अडकवायला मागे असलेल्या कड्यांचं झाळकाम तर हमखास नवं दिसतं. बाकीचे विक्रेते नेमका हाच फोटो टाकत नाहीत, मागितला तर दहा कारणं सांगतात.

दुसरं म्हणजे मुकुट. ब्रिटिश वसाहतींच्या बिल्ल्यावर मुकुटाच्या कमानी वर गोल गेल्या असतील तर तो १९०२ ते १९५२ च्या राजांच्या काळातला, मधे खाली दबल्या असतील तर एलिझाबेथ राणीच्या काळातला. ब्रिटिश राजवटीतलं पॅलेस्टाइन पोलीस दल १९४८ लाच संपलं, म्हणजे त्यावर राणीचा मुकुट दिसला की तो ड्युटीवर वापरलेला बिल्ला नाहीच, नंतर कधीतरी बनवलेला. हा माणूस मुकुट कुठला ते प्रत्येक वस्तूखाली लिहितो, नवीन माणसाचे किती पैसे वाचतात ह्याने!! आणि ब्रिटिश साउथ आफ्रिका पोलीस त्याने बरोबर ऱ्होडेशियात (आताचं झिम्बाब्वे) ठेवलंय, नाव बघून लोक दक्षिण आफ्रिकेत शोधत बसतात. ते दल १९८० पर्यंत त्याच नावाने चालू होतं.

पूर्व जर्मनीचा माल भरपूर आहे, १९९० नंतर ढिगाने बाहेर आला, सुरुवात करायची तर तिथूनच करा.

आता पॅच. इथे मी नाराज आहे. पनामा कालव्याच्या कॅनॉल झोनचा (कालव्याभोवतीचा अमेरिकेच्या ताब्यातला पट्टा) पॅच त्याने "१९७९ नंतरचा, म्हणून नक्कल" असं लिहून कोपऱ्यात टाकला होता, पण प्रदेश १९७९ ला संपला तरी तिथलं पोलीस दल अमेरिका-पनामा करारातल्या संक्रमणकाळामुळे १९८२ पर्यंत कामावर होतं, म्हणजे नुसत्या त्या सालावरून नक्कल ठरत नाही. मी मेल केला, उत्तर आलं की बघतो, अजून तसंच आहे. प्रदेश कधी गेला आणि दल कधी बंद झालं ह्या दोन वेगळ्या तारखा आहेत, आपल्या छंदात तर हाच अर्धा अभ्यास आहे आणि विक्रेत्याला तो यायलाच हवा.

पॅचचे यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) टॉर्चखालचे फोटोही तो देत नाही. शांघाय म्युनिसिपल पोलीस, म्हणजे शांघायमधल्या परकीय वस्तीचं दल, १९४३ ला संपलं, त्यांच्या कापडी चिन्हाचा धागा निळसर पांढरा चमकला तर मी हात लावणार नाही, कारण कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात ती रसायनं ह्या टॉर्चखाली अशी चमकतात आणि ती नंतरच्या काळात सर्रास आली. सत्तरच्या दशकातल्या पॅचला मात्र ह्या टेस्टवरून काही ठरत नाही, तेव्हा हे धागे सगळीकडे होते.

पॅकिंग उत्तम, प्रत्येक बिल्ला वेगळ्या कागदात, पिना वाकत नाहीत. परतही घेतो, कटकट न करता. धातूचं काही हवं असेल तर बिनधास्त घ्या, पॅच घ्यायचा असेल तर आधी मागचे टाके आणि टॉर्चखालचा फोटो मागा, आणि दल बंद झाल्याचं साल स्वतः तपासून मगच पैसे भरा.