लाळ्या-खुरकुताची तेलातली लस: औषध चांगलं, अडतं ते दुसऱ्या डोसावर

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झालं की बीडकडून ऊसतोडीची बैलं कराड, वाळवा, पलूसच्या शिवारात उतरतात आणि पाणवठे सामाईक होतात, तिथूनच रोग पसरतो. लस त्याआधी किमान तीन आठवडे अंगात गेलेली हवी.

या लसीत 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१' या तिन्ही प्रकारांचे निष्क्रिय केलेले विषाणू असतात. तिन्ही लागतात, कारण एका प्रकाराची ओळख दुसऱ्याच्या कामी येत नाही. मेलेला विषाणू अंगात वाढत नाही, म्हणून तेल घातलेलं असतं. त्यातून अँटिजेन, म्हणजे विषाणूचा शरीर ओळखतं तो भाग, हळूहळू सुटत राहतो.

खरी गोम वासरांची. पहिल्या डोसाला आधी आयजीएम या सुरुवातीच्या प्रकारची प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) तयार होतात. एकूण पातळी बेताची राहते आणि लवकर उतरते. मात्र मागे स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख जपणाऱ्या पेशी, उरतात. लसिका ग्रंथींत त्यांतल्या अँटिजेनला घट्ट धरणाऱ्या पेशी निवडल्या जातात, आणि त्याला काही आठवडे लागतात. महिन्याने तोच अँटिजेन पुन्हा दिसला की थोड्याच दिवसांत आयजीजी हे नंतरचं, पक्कं प्रतिपिंड कित्येक पटींनी चढतं आणि जास्त टिकतं. आठ दिवसांत घाईने दुसरी सुई टोचून हे साधत नाही.

पहिला डोस चौथ्या महिन्यात, दुसरा त्यानंतर महिन्याने, पुढे दर सहा महिन्यांनी. फार लवकर टोचली तर चिकातून आलेली आईची प्रतिपिंडंच लस निकामी करतात. सरकारी फेरी फुकट असते, पण ती सहामाही. वासराचा महिन्यानंतरचा डोस दवाखान्यात आठवण करून मागून घ्यावा.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. बर्फाला चिकटून गोठली तर तेल-पाणी फाटतं. हलवूनही थर वेगळे दिसले तर ती टाकून द्या. गाई-म्हशींना २ मिलि, मानेच्या स्नायूत खोल, दर जनावराला नवी सुई. सुई उथळ गेली की गाठ मोठी येते. ताप असलेलं जनावर आणि जंतांनी खंगलेलं वासरू आधी सुधारू द्या, त्यांच्यात प्रतिसाद कमजोर येतो.

उणिवा आहेत. दूध दोन-तीन दिवस घटतं, गाठ बरेच दिवस राहते. लसीतल्या प्रथिनांची ॲलर्जी क्वचित येते, तीही बहुधा आधी टोचलेल्या जनावरात, कारण शरीराला ती प्रथिनंही आठवतात. टोचल्यावर अर्धा तास जनावर नजरेसमोर बांधा. पापण्या सुजल्या किंवा धाप लागली तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लगेच लागतं, म्हणून डॉक्टर गोठ्यातून निघायची घाई करत असतील तर थांबवा.

लसीला पाचपैकी साडेचार गुण. एकच डोस देणार असाल तर दोनच गुण.