सात दिवसांचा जीएम डाएट: वजन आठव्या दिवशी नको, चौदाव्या दिवशी करा

मे महिना लागला आणि घरात लग्न निघालं की कोकणातल्या फोनांवर एक तक्ता फिरू लागतो. पहिला दिवस फळं, दुसरा भाज्या, तिसरा दोन्ही, चौथा केळी-दूध, पाचवा मांस-टोमॅटो, सहावा मांस आणि भाज्या, सातवा भात, भाज्या आणि फळांचा रस. खाली कोबीच्या सूपची कृती आणि ‘आठवड्यात 5 ते 7 किलो’ असं आश्वासन. जनरल मोटर्स (जीएम) या अमेरिकी मोटार कंपनीने 1985 साली आपल्या कामगारांसाठी हा आहार बनवून घेतला, ही कथाही सोबत चिकटलेली असते. तिला पुरावा नाही. पण तक्ता फुकट, जिन्नस गावच्या बाजारात मिळणारे आणि प्रश्न सातच दिवसांचा, तेव्हा करून बघायचा मोह होणारच.

आमच्याकडून या आहाराला पाचपैकी दीड गुण. काटा खाली येतो हे खरं, पण तो का येतो हे आधी हिशेबाने बघू.

एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. घरकाम करणाऱ्या 65 किलोच्या बाईचा दिवसाचा खर्च 1,900 धरला, तर सात दिवस नुसत्या पाण्यावर काढूनही तूट 13,300 ची, म्हणजे पावणेदोन किलोंची. सात किलो चरबी उपाशी राहूनसुद्धा जात नाही! तक्त्याप्रमाणे खाल्लं तर रोज सरासरी 900 कॅलरी पोटात जातात असं धरू. आठवड्याची तूट सातेक हजार, म्हणजे 900 ग्रॅम, आणि त्यातही थोडा स्नायू जातो. बाकीचं उतरलेलं वजन पाण्याचं. यकृत आणि स्नायू मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, धरून ठेवतात आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा उतरला की दीडदोन किलो सहज कमी दिसतात. आठव्या दिवशी भात-आमटीवर बसलात की तीनचार दिवसांत तो साठा पाण्यासकट परत भरतो. म्हणून आठव्या दिवसाच्या आकड्यावर खूश होऊ नका. चौदाव्या दिवशी जे वजन असेल तेच खरं.

आता दिवसवार. फळांच्या दिवशी केळं चालत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच तक्त्यांत आंब्यावरही फुली असते. हे हापूसला उगाच बदनाम करणं आहे. चार मध्यम हापूसांचा गर 600 ग्रॅम धरला तरी कॅलरी चारशेच्या आसपास. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. या दिवसाचा खरा दोष प्रथिनांचा. दोन किलो कलिंगडाच्या गरात 600 कॅलरी मिळतात, प्रथिनं जेमतेम 12 ग्रॅम. 55 किलोच्या बाईला रोज साधारण 46 ग्रॅम लागतात.

दुसरा दिवस कोकणात सोपा जातो. सकाळी एक उकडलेला बटाटा, मग दिवसभर भाज्या. ऋषीची भाजी करता येणाऱ्या घराला हे शिकवायला नको, फक्त सुरण आणि मका बेतानं घाला. फणसाच्या कुयरीची भाजी चालेल, खोबऱ्याशिवाय. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो: तेल वर्ज्य म्हणून फोडणी टाळतात आणि चवीला वाटीभर ओलं खोबरं पेरतात. 80 ग्रॅम खोबऱ्यात 280 कॅलरी असतात.

सूप म्हणजे मोठे सहा कांदे, दोन भोपळी मिरच्या, तीन टोमॅटो, एक कोबीचा गड्डा आणि सेलरी. सेलरी इकडच्या बाजारात शोधत बसू नका, कोथिंबिरीचे देठ घाला. पाकिटातली सूप पावडर मात्र टाळा, तिच्यात मीठ फार. घरच्या सूपात चिमूटभर मीठ हवंच. तक्ता दिवसाला दहा ग्लास पाणी सांगतो, आपल्या दमट उन्हात घामावाटे मीठ जातं, आणि नुसतं पाणी पीत राहिलं की तिसऱ्या दिवशी चक्कर येते. आंबे उतरवणाऱ्या, होडीवर किंवा काजूच्या कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये. कोबीमुळे पोट फुगणं आणि नेहमीचा चहा तुटल्यामुळे डोकं दुखणं हे दोन त्रास ठरलेले. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा तक्त्यात चालतो, तो घेतला की डोकं बरंच शांत राहतं.

चौथ्या दिवशी आठ केळी आणि तीन ग्लास दूध. आठ ही मोजणी मोठ्या केळ्यांची आहे. वेलची केळी आठ खाल्लीत तर संध्याकाळी भुकेने जीव जाईल. मोठ्या आठ केळ्यांतून सुमारे 2,800 मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, दुधाचं वेगळं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्याला हा दिवस धोक्याचा ठरू शकतो.

पाचवा दिवस सगळ्यांत बरा, कारण शेवटी पोटात प्रथिनं जातात. मूळ तक्त्यात गोमांस दोनदा, दर वेळी 280 ग्रॅम, आणि सहा टोमॅटो. आपल्याकडे बांगडा किंवा सुरमई घ्या. एका वेळी साफ केलेले 200 ग्रॅम पुरेत. तिरफळ-आमसुलाचं तिखलं करा. रव्यात घोळून तळलात तर पोळीच्या चमच्याएवढं नव्हे, चांगलं मोठा चमचाभर तेल मुरतं, म्हणजे 120 कॅलरी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा आगोटीचे सुके बांगडे आणि सोडे बाहेर निघतात. खारवलेल्या मासळीतल्या मिठाने शरीरात पाणी धरतं आणि सहाव्या दिवशी काटा वर जातो. घाबरू नका, ती चरबी नव्हे. सहाव्या-सातव्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रसापेक्षा अख्खं फळ बरं, एवढंच.

कोणी करूच नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, पित्ताचे खडे किंवा गाऊट असलेले, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे. औषध नेहमीचं आणि जेवण निम्मं झालं की साखर एकदम खाली जाते. इतरांनीही उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडलं किंवा उलट्या झाल्या तर तिथेच थांबून जेवावं.

तरीही करणारच असाल तर मोजमाप नीट ठेवा. काटा एकच, वेळ सकाळची, शौच झाल्यावर, चहाच्या आधी. सुरुवातीला सलग तीन दिवसांची सरासरी घ्या, तशीच बारा ते चौदाव्या दिवसांची. पाळीच्या आधी पाणी साठतं, ते दिवस टाळा. कमरेला टेप लावताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा. बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या वर गेलं असेल तर कमी करण्यासारखं नक्की आहे. लग्न आठवड्यावर आलं असेल आणि ब्लाउजच घट्ट होत असेल, तर शिंपी जास्त खात्रीचा.

चार आठवडे हाताशी असतील तर रोज 500 कॅलरींची तूट पुरते. आठवड्याला साधारण 450 ग्रॅम, महिन्याला दोन किलोंच्या जवळ. त्यासाठी मासे सोडायचे नाहीत. दोन्ही वेळचा भात एकेक वाटीने कमी केला, तर दर वाटीमागे सुमारे 195 वाचतात. चार चहांतली दोन-दोन चमचे साखर काढली की 130 सुटतात. पोट भरायला कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी ठेवा, पण ती भाताच्या जागी, भातासोबत नाही. वाटणाचं खोबरं डोळ्यांनी न अंदाजता आठवडाभर वाटीने मोजा. चार माणसांच्या आमटीला अर्धी वाटी पुरते, आणि कमी पडलेला दाटपणा भाजलेल्या कांद्याने येतो.