खाणीतलं गोदाम : एक उन्हाळा काढल्यानंतरचं मत

ऐन जुलैत खाणीतल्या माझ्या गाळ्यातला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, बंद पडला आणि दुरुस्तीचं बिल गोदामाच्या ऑफिसने माझ्या नावावर टाकलं. तेव्हाच हे लिहायचं ठरवलं.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत भुयारी गोदामांचं कुणाला नवल नाही. उद्योगपती लामार हंट यांनी १९६०च्या दशकात सुरू केलेलं सबट्रोपोलिस त्यात सगळ्यांत नावाजलेलं. माझा गाळा तिथे नाही, दुसऱ्या लहान खाणीत आहे. खाण चुनखडीचीच. दगड काढताना छताला आधार म्हणून सोडलेले जाडजूड खांब आणि त्यांच्यामधली जागा भाड्याने. टेकडीत आडवा शिरणारा रस्ता, त्यामुळे ट्रक थेट दाराशी येतो. मोबाइलला रेंज नाही, पण त्याची सवय होते.

मी पैठण्या, सुती साड्या आणि पूजेची पितळी भांडी मागवून विकते. आधीचं गोदाम पत्र्याचं होतं, तिथे विजेचं बिल भाड्याच्या बरोबरीला यायचं. खाणीत बारा महिने साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअस. जानेवारीत बाहेर बर्फ असताना मी हीटरशिवाय साड्यांच्या घड्या घातल्या. तेव्हा भेटेल त्याला सांगत होते, जागा घ्यायची तर खाणीतच घ्या.

मे महिन्यापासून मत बदलायला लागलं. बाहेरची दमट, गरम हवा ट्रकबरोबर आत येते आणि गार खडकाला लागली की पाणी सोडते. खांबांना घाम सुटतो. यंत्र चालू असेतो हे जाणवत नाही. ते बंद पडल्यावर खोकी मऊ पडली, समया काळवंडल्या आणि कोऱ्या साड्यांना कोंदट वास धरला. ऑफिसचं उत्तर एकच : करारात तापमान लिहिलंय, आर्द्रता नाही. या वाक्याचा मला अजून राग येतो. खाणीत तापमान फुकटच मिळतं, खडकच ते सांभाळतो. भाडेकरू पैसे मोजतो ते कोरड्या हवेसाठी, आणि नेमकी तीच कागदावर नाही!

कॅन्सस राज्यातल्या हचिन्सनच्या मिठाच्या खाणीत, सुमारे ६५० फूट खाली, हॉलिवूडच्या फिल्म्स जपून ठेवतात. तिथे मुळातच हवा कोरडी असते. ते उदाहरण दाखवून चुनखडीची जागा कुणी गळ्यात मारत असेल तर थांबा आणि जुलैतले आर्द्रतेचे आकडे मागा. हिवाळ्यात जागा पाहून काहीच कळत नाही.

मी आर्द्रतामापक लावला, रोजचे फोटो पाठवत राहिले, तेव्हा कुठे बिल मागे घेतलं. नवं यंत्रही बसवलं, त्याची वीज मात्र मीच भरते. तरीही एकूण खर्च पत्र्याच्या गोदामापेक्षा बराच कमी येतो, म्हणून जागा सोडलेली नाही. पितळ घरी आणलंय, साड्या तिथेच आहेत. नव्या करारात आर्द्रता ५५ टक्क्यांच्या वर जाणार नाही हे लिहून घेतलं आणि मगच सही केली.