बर्निना खिंड: मोटारीने की रेल्वेने?

स्वित्झर्लंडमधील सेंट मोरित्झहून इटलीतील तिरानोला जाताना बर्निना खिंड रस्त्याने ओलांडावी की रेल्वेने, हा प्रश्न अनेकांना पडतो. रस्ता २,३२८ मीटर उंची गाठतो. १९१० साली पूर्ण झालेली रेल्वे २,२५३ मीटरपर्यंत, तीही दातेरी रुळाविना (म्हणजे चढावर गाडीच्या दातेरी चाकाला पकड देणाऱ्या मधल्या रुळाविना) ७ टक्के चढ पेलत जाते. मोटारीने वेळ कमी लागतो आणि हवे तेथे थांबता येते, मात्र जोरदार हिमवृष्टीत रस्ता बंद होऊ शकतो; रेल्वे बाराही महिने चालते. देखावा पाहण्यासाठी मोठ्या खिडक्या असलेल्या पॅनोरमा गाडीला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, म्हणून त्याच रुळांवरून धावणारी साधी गाडी मला अधिक पटते. हिवाळ्यात किंवा एकट्याने जाणाऱ्याने रेल्वेच निवडावी. उन्हाळ्यात लहान मुले व भरपूर सामान असलेल्या कुटुंबाला मोटार सोयीची ठरेल.